परवाना आणि पाहुणा



दत्तभक्तहो, आपल्या महाराजांचा दिनक्रम आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. एका दिवसात एवढी पायपीट, आणि वाटेत कुठं नाका नाही की कुठं ओळखपत्र दाखवणं नाही. मग त्यांच्याच भक्ताला तीर्थाला जायचं तर सरकारचा परवाना कशाला लागावा? आणि तोसुद्धा आपल्याच देशात? हा प्रश्न गेल्या पौषात आमच्या सोबतच्या एका निवृत्त गुरुजींनी मोठ्या आवाजात विचारला होता. प्रश्न रागाचा होता, पण खोटा नव्हता. त्यावर मी पुढं बरेच दिवस विचार करत राहिलो. तो या जयंती अंकाच्या निमित्तानं आपल्यापुढं ठेवतो.

आम्ही भोकरदन आणि आसपासच्या गावांतले बावीस जण संक्रांतीच्या पर्वणीला परशुराम कुंडाला गेलो होतो. हे कुंड अरुणाचल प्रदेशात, लोहित जिल्ह्यात, तेजू गावाच्या पुढं लोहित नदीच्या पात्रात आहे. रेल्वेनं आसामात तिनसुकियापर्यंत जायचं आणि पुढं गाडीनं. वडिलांच्या आज्ञेवरून परशुरामानं आईचं शिर उडवलं, ते पाप कुठं धुतलं जाईना, परशू हाताला चिकटून राहिला आणि तो या पाण्यात सुटला, अशी तिथली कथा आहे. जुनं कुंड आता नाही. १५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळी आसामात जो प्रचंड भूकंप झाला, त्यात ते गेलं. नंतर नदीच्या पात्रात मोठमोठ्या शिळांचं कडं तयार झालं, त्याच्या मधल्या पाण्यात आता लोक स्नान करतात. पाणी असं गार की पहिल्या बुडीला नामस्मरण आपोआपच तोंडून निघतं.

दत्तसंप्रदायाच्या माणसाला हे ठिकाण परकं नाही. ज्या रेणुकेचा तिथं उल्लेख होतो ती आपल्या माहूरची. आमच्या तालुक्यात तर पिंपळगाव रेणुकाई नावाचं गावच आहे, मिरचीच्या बाजारामुळं ते लांबलांबपर्यंत माहीत आहे. परशुराम बापाचा देह कावडीत घालून कोरी भूमी शोधत माहूरला आला, तेव्हा आचार्य म्हणून उभे राहिले ते दत्तप्रभूच. त्रिपुरारहस्यात दत्तात्रेय गुरू आहेत आणि परशुराम शिष्य. म्हणजे माहूरच्या शिखरावरून निघालेला एक धागा थेट देशाच्या पूर्व टोकाला जाऊन बांधलेला आहे. तो धागा धरून आम्ही गेलो, आणि आसाम संपून अरुणाचल सुरू होतं त्या दिराकच्या नाक्यावर गाडी थांबली.

तिथं ‘इनर लाइन परमिट’ तपासतात. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि २०१९ च्या डिसेंबरपासून मणिपूर, या राज्यांत बाहेरच्या माणसाला, तो भारताचा नागरिक असला तरी, हा परवाना लागतो. आमचे अर्ज निघण्यापूर्वीच भरून झाले होते. प्रत्येकाचं नाव, फोटो, आधार, किती दिवस राहणार, सगळं त्यात होतं. चालकानं गठ्ठा खिडकीत दिला. आतल्या पोरसवदा कर्मचाऱ्यानं एकेक चेहरा कागदाशी ताडून पाहायला सुरुवात केली. त्यावर गुरुजी उखडले. “अहो, मी चाळीस वर्षं झेंडावंदन केलं. माझ्याच देशात हा मला कोण विचारणार?”

खरं सांगू का, मला त्या पोराची जास्त कीव आली. आयुष्यभर मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. ज्यांनी मला पाढे शिकवले त्यांची सही जुळत नाही म्हणून त्यांना पुन्हा सही करायला लावली आहे. सख्ख्या चुलत्याला केवायसीचे कागद मागितले आहेत. “अरे, मला ओळखत नाहीस का?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं व्याज लावलं तर पेन्शनची गरज पडली नसती. ओळखतो म्हणून कागद माफ होत नाही, कारण पैसा माझा नसतो, दुसऱ्या कोणाचा तरी असतो. लॉकरला दोन किल्ल्या असतात, एक ग्राहकाची, एक बँकेची. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. ग्राहकानं त्यात अपमान मानायचं ठरवलं तर तो रोजच मानता येईल.

पण तेवढ्यानं गुरुजींचं उत्तर होत नाही, हे मलाही कळत होतं. बँकेत माझं काय आणि त्याचं काय हे लेजरमध्ये लिहिलेलं असतं. देश तर सगळ्यांचा. मग ही किल्ली कुणाची?

आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना नाका नवा नाही. आमचे आजोबा भोकरदनला ‘मोगलाई’ म्हणत. शेजारचा बुलढाणा, खानदेश म्हणजे ‘इंग्रजी’. निजामाच्या करोडगिरीच्या नाक्यावर सामान उघडून दाखवावं लागे. पंढरीला निघालेला वारकरीसुद्धा हद्द ओलांडताना मोगलाईतून इंग्रजीत जाई. १९४८ च्या सप्टेंबरात ते सगळं संपलं. त्यामुळं आपल्याकडं नाका म्हटलं की निजाम आठवतो आणि माणूस आधीच तापतो. गुरुजींच्या रागाच्या मुळाशी मला तरी हेच दिसलं. आपल्या पूर्वजांनी नाके मोडण्यासाठी हाल सोसले, आणि आता पुन्हा नाका.

ही इनर लाइन आखली ती इंग्रजांनी, १८७३ च्या एका कायद्यानं. त्यांना डोंगरातल्या लोकांचा पुळका होता असं अजिबात नाही. चहाचे मळेवाले, रबर-हस्तिदंताचे व्यापारी डोंगरात घुसत, भांडणं होत, आणि निस्तरायला सरकारला खर्च येई. म्हणून रेषा ओढली की आमच्या माणसांनी हिच्या पलीकडं विचारल्याशिवाय जाऊ नये. हिशेबी कारभार. स्वातंत्र्यानंतर मात्र ही रेषा पुसली गेली नाही, कारण ती राहावी असं पलीकडच्या लोकांनाच वाटू लागलं. तिथं बाहेरच्या माणसाला सहसा जमीन विकत घेता येत नाही. का, ते आकड्यांत पाहू. २०११ च्या जनगणनेत आपल्या एका जालना जिल्ह्याची लोकसंख्या एकोणीस लाखांच्या वर होती. अख्ख्या अरुणाचलची सुमारे १३.८ लाख, आणि तो प्रदेश जालन्याच्या दहापटीहून मोठा. त्या तेरा-चौदा लाखांत किती जमाती, किती भाषा! कुंडाच्या भागात मिश्मी लोक राहतात, त्यांच्यातही दिगारू वेगळे, मिजू वेगळे. आपले एक-दोन तालुके तिकडं जाऊन स्थायिक झाले तर त्यांची एखादी भाषा शाळेच्या पटावरून उठेल. ही नुसती भीती नाही. जवळच्याच त्रिपुरात शंभर वर्षांपूर्वी आदिवासी निम्म्याच्या आसपास होते. फाळणीनंतर पूर्व बंगालातून लोंढे आले. ते बिचारेही जीव वाचवायलाच आले होते. पण २०११ पर्यंत आदिवासी सुमारे ३२ टक्क्यांवर आले. आपल्याच घरात ओसरीवर झोपायची पाळी, दुसरं काय.

आता माझा मूळ मुद्दा. तो मला नाक्यावर सुचला नाही, स्नान करून परतताना सुचला.

कुंडाच्या जवळ वाक्रो म्हणून भाग आहे, तिथली संत्री प्रसिद्ध. रस्त्याच्या कडेला मिश्मी बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. आम्ही मोसंबीच्या जिल्ह्यातले, त्यामुळं गाडी थांबवून सगळ्यांनीच संत्र्यांची परीक्षा सुरू केली. आमच्यात एक मिरचीचे व्यापारी होते. मोठा दिलदार माणूस, सगळ्यांसाठी टोपलीच्या टोपली त्यांनीच घेतली. संत्रं सोलता सोलता ते मागच्या बागेकडं बघत राहिले आणि चालकाला म्हणाले, “जमीन काय भाव हो इकडं? एकरी?” चालक हसला. “बाहरवाला नहीं ले सकता, सेठजी.” शेठ म्हणाले, “घ्यायची कुठंय, नुसतं विचारलं.” सगळे हसले, मीही हसलो. शेठच्या मनात वाईट काही नव्हतं. व्यापाऱ्याची नजर ती, चांगली वस्तू दिसली की भाव विचारणार. पण पुढं गाडीत बसल्यावर मला सहस्रार्जुन आठवला.

आपण परशुरामाची कथा सांगतो ती परशूपासून, एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली तिथपासून. पण तिची सुरुवात कुठं आहे ते पाहा. राजा कार्तवीर्य शिकारीला निघाला, सैन्यासह जमदग्नींच्या आश्रमात पोचला. ऋषींनी आतिथ्य केलं. कामधेनूच्या जोरावर सगळ्या सैन्याला पोटभर जेवू घातलं. राजा जेवला, तृप्त झाला, आणि हात धुता धुता त्याची नजर गाईकडं गेली. ही मला पाहिजे. ऋषींनी नाही म्हटलं तर जबरदस्तीनं नेली. पुढचा सगळा रक्तपात, जमदग्नींची हत्या, माहूरची कावड, सगळं या एका क्षणातून निघालं. पाहुणा जेवून उठला आणि मालकासारखा बघू लागला.

आणि हा कार्तवीर्य कोण? तोही दत्तभक्तच! सहस्र हात त्याला दत्तप्रभूंच्या वरानं मिळालेले. हे आपण दत्तभक्तांनी जरा थांबून लक्षात घ्यायला हवं. भक्ती खरी होती, वर खरा होता, तरी दुसऱ्याच्या अंगणात तो चुकला. आणि त्याला मारणारा परशुरामही दत्तांचाच शिष्य. महाराजांनी दोघांनाही जवळ केलं, पण गाय कुणाची याचा निकाल त्यामुळं बदलला नाही. मी देवाला आलोय, मग मला कसली आडकाठी, असं म्हणणाऱ्यानं ही कथा एकदा पुन्हा वाचावी.

मला वाटतं, दिराकच्या नाक्यावरचा कागद म्हणजे आश्रमाच्या दारात पाहुण्याला विचारलेला प्रश्न आहे. किती दिवस? कशासाठी? जेवून जाणार, की गाईचा भाव विचारणार? प्रश्न उद्धट वाटतो, कारण आपण स्वतःला ओळखतो. दारातल्या माणसाला फक्त मागचे पाहुणे आठवत असतात.

आणि महाराजांच्या दिनक्रमाचं म्हणाल, तर गुरुजींनी त्यातला मधला भाग सोडला. कोल्हापूरला ते रोज भिक्षेला जातात. त्रैलोक्याचा धनी, पण उंबऱ्याच्या बाहेर उभा राहतो आणि ‘भिक्षां देहि’ म्हणतो. घरधनीण वाढेल ते घ्यायचं, नाही म्हणाली तर पुढच्या दारी. आत घुसून डबा उघडत नाही. अवधूतानं चोवीस गुरू केले, त्यात भ्रमर आहे. तो फुलाला न दुखवता थोडं थोडं घेतो. साप आहे. तो स्वतःचं घर बांधत नाही, दुसऱ्यानं केलेल्या बिळात राहतो आणि निघून जातो. (हे मी आमच्या घरी सांगितलं तेव्हा सौ. म्हणाल्या, “पाहुणा म्हणून साप नको हो, भुंगाच बरा.”) ज्याला कुठंही जायला मोकळीक आहे असा हा फिरस्ता, तो प्रत्येक दारात विचारतो. परवानगी मागण्यात ज्याचं देवपण कमी होत नाही, त्याच्या भक्ताचं नागरिकपण त्यानं कमी होईल, हे काही मला पटत नाही.

इनर लाइनमध्ये सगळं गोमटं आहे असं मी म्हणत नाही. रेषा संरक्षण करते तशी ती माणसाला लांबही ठेवते. त्या भागातली पोरं शिकायला पुण्या-दिल्लीला येतात, तेव्हा लोक त्यांनाच ‘कुठल्या देशाचे?’ म्हणून विचारतात. त्यांनी आपल्याकडं यायला परवाना लागत नाही, पण आपली नजरच नाका होऊन बसते. त्यातून चीन अख्ख्या अरुणाचलवर हक्क सांगतो, तिथल्या लोकांच्या पासपोर्टावर शिक्का मारत नाही, सुटा कागद टाचून देतो. २०२३ मध्ये वुशूच्या स्पर्धेला निघालेल्या तिथल्या तिघी मुली अशाच कागदापायी चीनला जाऊ शकल्या नाहीत. तेव्हा कागदाचा त्रास आपल्याला एक दिवस झाला, त्यांना जन्मभराचा आहे. त्याच लोहितच्या वरच्या अंगाला वालाँग आहे, १९६२ मध्ये आपले जवान तिथं लढले. कुंडावर उभं राहिलं की हे पाणी कुठून येतं हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

इथपर्यंत मला उत्तर सापडलं होतं. पण परत आल्यावर त्याच गटानं कैलास-मानसरोवरचा बेत काढला, आणि ते उत्तर पुरेना.

१९६२ नंतर बंद पडलेली ही यात्रा १९८१ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२० पासून परत थांबली आणि २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा उघडली. त्या वर्षी लिपुलेखमार्गे पाच आणि नथुलामार्गे दहा, अशा पन्नास-पन्नासच्या तुकड्या गेल्या, साडेसातशे यात्रेकरू. वयाची अट अठरा ते सत्तर, म्हणजे मला अजून थोडी मुदत आहे. तिथं एकट्यानं हिंडता येत नाही. गटानं जायचं, ठरल्या वाटेनं, ठरल्या दिवसांत, चीनच्या परवानगीनं. दलाई लामांचा फोटो जवळ बाळगायचा नाही. गुरुजींनी यावर मात्र एक शब्दही काढला नाही. “परदेश आहे, नियम असणारच,” म्हणाले. मला गंमत वाटली. अरुणाचलात घरच्या माणसानं विचारलं तर राग, आणि इथं?

कारण इथं दारात बसलेला घरधनी नाही. १९५० मध्ये चीनचं सैन्य तिबेटात शिरलं, १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागं हजारो लोक. त्यातले काही आपल्या महाराष्ट्रातही आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची नॉर्गेलिंग नावाची वसाहत १९७२ पासून आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांना पाहिलंय, फक्त तसं लक्षात घेतलेलं नाही. थंडीत जालन्याला, संभाजीनगरला रस्त्याच्या कडेनं स्वेटरची दुकानं लागतात ना, तेच हे लोक. मागच्या थंडीत नातवाला टोपी घ्यायला गेलो तेव्हा एका बाईंना सहज सांगितलं की आमच्यातले काही जण कैलासला जायचं म्हणतात. बाई पन्नाशीच्या, जन्म भारतातला. स्वेटरची घडी घालता घालता म्हणाल्या, “अच्छा है, काका. आप लोगों को छोड़ता है. हमको नहीं छोड़ता.” बस, एवढंच. मग टोपीचे दीडशे सांगितले आणि मी घासाघीस केली नाही.

कैलास आपल्या शंकराचा, जैनांचं अष्टापद, बौद्धांचं तीर्थ, आणि तिबेटी लोकांच्या तर तो अंगणातला. जमदग्नींच्या कथेत बसवायचं तर इथं पाहुण्यानं गाय नेली, आश्रमही घेतला, आणि आता तोच दारात बसून इतरांना परवाना देतो. अशाच्या हातचा परवाना घेऊन तीर्थाला जावं का? गेलो तर त्या बाईंच्या घरात, त्यांना न विचारता, त्यांना बाहेर ठेवणाऱ्याच्या परवानगीनं गेल्यासारखं होतं.

आमच्या मंडळींत यावर बरीच चर्चा झाली. एकांनी जनार्दनस्वामींचा दाखला दिला, आणि तो जबर होता. देवगिरीचा किल्ला आपल्यापासून लांब नाही. जनार्दनस्वामी तिथं किल्लेदार होते, परक्या सत्तेच्या चाकरीत. तरी दत्तप्रभूंनी त्यांना दर्शन दिलं, आणि नाथमहाराजांना त्याच परिसरात मलंगाच्या वेषात भेट दिली. सांगतात की स्वामींच्या मानासाठी किल्ल्यावर गुरुवारची सुट्टी असे. तेव्हा सत्ता कुणाची हे पाहत बसलं असतं तर नाथांची परंपरा उभीच राहिली नसती. त्यावर दुसऱ्यांचं म्हणणं, स्वामी चाकरीत होते पण डोळे मिटून नव्हते.

माझं मत या दुसऱ्या बाजूचं, पण जाऊ नये असं मी म्हणणार नाही. आयुष्यभराची इच्छा असते माणसाची. गुडघे साथ देतायत तोवर जावं. पर्वतानं कुणाचा देश घेतलेला नाही. शिवाय आपण गेलो नाही म्हणून त्या बाईंना कुणी सोडणार आहे का? आणि तिथं असताना तोंड बंद ठेवावं लागलं तर त्यातही मला पाप दिसत नाही. बरोबरच्या पन्नास जणांची जबाबदारी असते, सोबतच्या स्थानिक वाटाड्याच्या पोटावर पाय येऊ शकतो. प्रश्न परत आल्यानंतरचा आहे. तो परवाना फक्त तिथल्या मुक्कामापुरता असतो. गप्प राहण्याची अट आपल्या शिवेत आली की संपते, पण यात्रेकरू ती घरापर्यंत आणतात. सत्काराच्या भाषणात पाण्याचा निळा रंग असतो, डोल्मा खिंडीतली दमछाक असते, घोड्यावाल्याचे पैसे असतात. तिथं कोण लोक राहतात, कसे राहतात, आपल्याशी मोकळं बोलले का, नसतील तर का, यावर चकार शब्द नाही. त्या दारातून आत जाऊन आलेल्या माणसानं आपल्या गावात एवढं तरी सांगायला हवं. ज्यांना सोडत नाहीत त्यांच्या वतीनं आपण जाऊन आलो, निदान असं मानून तरी.

मी अजून अर्ज भरलेला नाही. डॉक्टरांनी साखरेचं बघू म्हटलंय, ते एक कारण. आमच्यातले दोघं, गुरुजी आणि मिरचीवाले शेठ, पुढच्या वर्षी नक्की अर्ज भरणार आहेत. मी त्यांना एवढंच म्हटलं, तुमची निवड झाली तर निघायच्या आधी लागणारे गरम कपडे त्या बाईंकडूनच घ्या, आणि कुठं निघालात ते सांगा. काही निरोप असेल, काही आणायचं असेल तर विचारा. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे त्यांचीही परवानगी घ्यायची म्हणता?” शेठनी लगेच विचारलं, “दुकान नेमकं कुठं लागतं?” ती मंडळी मार्गशीर्षाच्या आसपास येतात, जयंती झाली की तिघं मिळून जालन्याला जायचं ठरलंय.